स्पर्श म्हणजे धडक नव्हे

मंडळी, रोबोला प्राण्यांसारख्या लवचीक मिशा लावता येतात. अशी मिशी वाकली की रोबोला वस्तूचं अंतर कसं कळतं, हे सांगायचं मी कबूल केलंय. पण आधी एक गोष्ट बोलून टाकते, कारण ती फार दिवस मनात आहे.

इथल्याच एका कॉलेजच्या रोबो स्पर्धेत मी परीक्षक होते. अंधारा चक्रव्यूह, आत धूर सोडलेला. बहुतेक गाड्यांवर कॅमेरे. एका मुलीनं मात्र पुढे मिशा म्हणून जाड तंगुसाचे, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोरीचे, तुकडे बसवले होते. प्रत्येकाच्या बुडाशी इवलंसं चुंबक, त्याखाली चुंबकाची हालचाल ओळखणारा हॉल सेन्सर. तंगूस कशाला टेकला की चुंबक कलतं आणि सेन्सरचा व्होल्टेज बदलतो. धुरात कॅमेरेवाल्या गाड्या कोपऱ्यांत आपटून अडकल्या. हिची गाडी भिंतीला मिशा घाशीत शांतपणे बाहेर आली. आणि नियम काय? 'भिंतीला स्पर्श झाल्यास गुण वजा.' मिशी टेकली, गुण गेला! मी आयोजकांशी भांडले. नियम छापलाय म्हणाले. ती मुलगी शेवटून दुसरी आली. वीज गेल्यावर घरात आपण भिंत चाचपतच दारापर्यंत जातो ना? त्याला कुणी धडक म्हणत नाही.

मंडईत गाळे बंद झाल्यावर उंदीर पळताना कुणी पाहिलाय? अरे वा, इतके हात! मग हेही पाहिलं असेल, तो मोकळ्यातून जात नाही, भिंतीच्या कडेनं जातो. त्याच्या मिशा सेकंदाला साधारण आठ वेळा पुढेमागे फिरतात. मिशीच्या केसात नस नसते, सगळी जाणीव मुळाशी. उंदराच्या मेंदूत एकेका मिशीसाठी पेशींचा वेगळा पुंजका असतो. वूल्सी आणि व्हॅन डर लूस यांनी तो 1970 साली दाखवला. आणि मला सर्वांत आवडतं ते हे: एका बाजूची मिशी कशाला लागली की त्या बाजूच्या मिशा आवरत्या घेतल्या जातात, दुसऱ्या बाजूच्या आणखी पुढे येतात. म्हणजे स्पर्श भरपूर, पण हलका. ब्रिस्टल आणि शेफील्डच्या संशोधकांनी 'स्क्रॅचबॉट' या मिशावाल्या रोबोमध्ये हीच युक्ती वापरली. सीलचंही सांगायला हवं. डोळ्यांवर पट्टी, कानांवर हेडफोन, तरी छोट्या पाणबुडीनं पाण्यात सोडलेला माग त्यानं केवळ मिशांनी काढला. 2001 मधला प्रयोग आहे.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? बरं, मूळ मुद्दा.

मोटरनं मिशी फिरवली आणि ती अडली, की वाकते. मुळाजवळ अडली तर थोड्याशा फिरण्यानंही बुडाशी पीळ, म्हणजे मिशीला वाकवणारा जोर, झपाट्यानं वाढतो. टोकाजवळ अडली तर सावकाश. किती अंश फिरवली आणि पीळ किती वाढला, यांच्या गुणोत्तरावरून अंतर निघतं. सोलोमन आणि हार्टमन यांनी 2006 मध्ये अशा मिशा वस्तूवर ठिकठिकाणी टेकवून तिचा आकार काढून दाखवला. पीळ दोन दिशांनी मोजला तर स्पर्श कुठल्या बाजूनं झाला तेही कळतं. मिशी टोकाकडे निमुळती ठेवा, म्हणजे ती अडकून न राहता निसटते. खडबडीतपणा कंपनांवरून ओळखायचा.

अडचण एकच मोठी: मिशी नुसती हवेत फिरली तरी सेन्सर हलतो. म्हणून आधी मोकळ्या हवेत फिरवून तो संकेत नोंदवायचा आणि मग प्रत्येक मोजणीतून वजा करायचा. तंगुसाची मिशी इथे टेबलावर ठेवलीय, बोटानं वाकवून पाहा. राहिलेलं प्रश्नोत्तरांत घेऊ.