डेरी: भिंतीवरचा रंग आणि तो राखणारी वस्ती

(दृश्य : सकाळ, ओला रस्ता. वाहनांच्या मधोमध उभी असलेली एकटी पांढरी भिंत.)

ही भिंत एकटीच उभी आहे, मागे घर नाही. पूर्वी होतं. लेकी रोडवरच्या घरांच्या रांगेतलं ते शेवटचं घर, आणि ही त्याची कडेची, वर त्रिकोणी होत गेलेली भिंत. जानेवारी १९६९मध्ये तिच्यावर सहा शब्द रंगवले गेले : ‘यू आर नाऊ एंटरिंग फ्री डेरी’. आता तुम्ही स्वतंत्र डेरीत शिरत आहात. पुढे घरं पाडली गेली, रस्ता झाला. भिंत तेवढी ठेवली.

हे उत्तर आयर्लंडमधलं शहर. त्याच्या नावावरूनही वाद आहे. आयर्लंडशी नातं सांगणारे त्याला डेरी म्हणतात, ब्रिटनशी नातं सांगणारे लंडनडेरी. मधून फॉइल नदी वाहते. पश्चिम काठावर सतराव्या शतकातला दगडी तट आहे. तटाखाली उतारावर बॉगसाइड ही कॅथलिक वस्ती (ती एकटी भिंत इथलीच; पोलिसांना बाहेर ठेवून या वस्तीने स्वतःला स्वतंत्र म्हणवलं होतं), आणि तटाला लागूनच फाउंटन ही छोटी प्रॉटेस्टंट वस्ती. तटावर उभं राहिलं की दोन्हीकडच्या भिंती वाचता येतात.

(दृश्य : तटावरून फाउंटन. लाल, पांढऱ्या, निळ्या रंगाच्या पदपथाच्या कडा.)

फाउंटनमधल्या भिंतीवर लिहिलंय : ‘अजूनही वेढ्यात, शरणागती नाही’. हा वेढा १६८९चा. कॅथलिक राजा जेम्सच्या सैन्याने शहर १०५ दिवस कोंडलं होतं. याच वस्तीत जेम्सचा प्रॉटेस्टंट प्रतिस्पर्धी राजा विल्यम याचं एक जुनं भित्तिचित्र होतं. वस्तीची पुनर्बांधणी निघाली तेव्हा लोकांनी ते चित्र भिंतीसकट हलवून दुसरीकडे उभं केलं. नवीन चित्र काढणं सोपं होतं, तरी त्यांनी जुनीच भिंत उचलली. या शहरात भिंतीला काय मोल आहे, ते यावरून कळतं.

आता बॉगसाइडमध्ये, रॉसव्हिल स्ट्रीटवर येऊ. तीन स्थानिक चित्रकारांनी, दोन भाऊ आणि त्यांचा एक मित्र, १९९४ ते २००८ या काळात इथे बारा भित्तिचित्रं रंगवली. ‘बॉगसाइड आर्टिस्ट्स’ म्हणून ते ओळखले जातात. चित्रं तीन मजली इमारतींच्या कडेच्या भिंतींवर आहेत, आणि भिंतींच्या आत माणसं राहतात. म्हणून पहिली परवानगी आत राहणाऱ्या कुटुंबाची. परांची कित्येक आठवडे त्यांच्या खिडकीशी उभी राहणार असते. चित्रात एखाद्या मृत व्यक्तीचा चेहरा असेल, तर तिच्या घरच्यांना आधी विचारायचं. हे टाळून काढलेलं चित्र वस्ती राखत नाही.

(दृश्य : गिलाव्यावर हात. तळव्याला लागलेली पांढरी भुकटी.)

भिंतीची परीक्षा तळहाताने होते. हात फिरवून बघा. भुकटी लागली तर जुना रंग मेलेला आहे. त्यावर काहीही रंगवलं तरी नवा रंग त्या भुकटीलाच चिकटेल, भिंतीला नाही, आणि दोन हिवाळ्यांत पोपडे धरतील. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायचं. हिरवट शेवाळ असेल तर शेवाळनाशक लावून थांबायचं आणि मग पुन्हा धुवायचं. नुसतं खरवडलं तर बारीक अंश राहतात आणि शेवाळ रंगाखालून परत वर येतं. उत्तरेच्या भिंतीवर हा त्रास जास्त, कारण तिथे ऊन फारसं पोचत नाही.

मग भेगा. लांबी भरण्याआधी वर बघा : पन्हळ गळतेय का? पावसाच्या पाण्याचा नळ फुटलाय का? ओल मागून येत असेल तर पुढून कितीही उत्तम रंग लावा, खार फुटणारच. चित्र बिघडलं की लोक रंगाला दोष देतात. बहुतेक वेळा दोष पन्हळीचा असतो.

हिशेब साधा आहे. भिंत सहा मीटर रुंद आणि सात मीटर उंच धरली, तर ४२ चौरस मीटर. गुळगुळीत गिलाव्यावर बाहेरच्या भिंतीचा रंग एका लिटरात आठ-दहा चौरस मीटर जातो, खडबडीत गिलाव्यावर जेमतेम पाच. म्हणजे नुसत्या पांढऱ्या पायाच्या दोन हातांना, म्हणजे थरांनाच, सतरा लिटर लागतात. सांडणं धरून वीस घ्या. आधीचा भिंत धरून ठेवणारा अस्तराचा हात यात नाही.

(दृश्य : टेबलावर चौकटी आखलेला आराखडा, मग भिंतीवर खडूचं सूत.)

आराखडा साठ बाय सत्तर सेंटिमीटरच्या कागदावर, म्हणजे भिंतीच्या दहाव्या हिश्शाचा. त्यावर पाच सेंटिमीटरच्या चौकटी, भिंतीवर पन्नासच्या. आडव्या बारा, उभ्या चौदा, एकूण १६८. आपल्याकडे सिनेमाचे फलक रंगवणारे हीच रीत वापरत. पहिली उभी रेघ ओळंब्याने घ्यायची, भिंतीच्या कडेवरून कधीच नाही. जुन्या घरांच्या कडा सरळ नसतात, आणि खाली दोन बोटांचा फरक वर वीतभर होतो.

परांचीवरून चित्र दिसत नाही. नाकासमोर एक मीटरवर फक्त एक गाल असतो. म्हणून दर तासाला खाली उतरून, रस्ता ओलांडून बघायचं. अंगमेहनतीचा हा भाग कंटाळून टाळला की चेहरे बिघडतात. त्यातही डोळे, कारण दोन डोळे परांचीच्या वेगवेगळ्या फळ्यांवरून रंगवले जातात.

हवेचं भान सतत ठेवावं लागतं. पाण्यात मिसळणारा रंग आठ अंशांखाली नीट धरत नाही. डेरीत पाऊस कधीही येतो, आणि संध्याकाळचं दव त्याहून फसवं. चारला लावलेला रंग सातला ओघळलेला सापडतो. म्हणून मोठी कामं उन्हाळ्यात होतात.

आणि रंग कोणता? चमकदार लाल आणि पिवळा उन्हात सगळ्यात आधी उडतात. गेरू, पिवळी माती यांच्या जातीचे लोहयुक्त रंग टिकतात. काजळी काळा आणि पांढरा तर फार टिकतात. बॉगसाइडची बरीच चित्रं मुख्यतः काळ्या-पांढऱ्यात आहेत, कारण ती वृत्तछायाचित्रांवरून काढलेली आहेत. १९९४चं चित्र बघा : युद्धकाळातला वायुरोधक मुखवटा घातलेला मुलगा, हातात पेट्रोलची बाटली. किंवा १९९७चं : ३० जानेवारी १९७२ला ब्रिटिश लष्कराच्या गोळीबारात जखमी झालेल्या जॅकी डडीला उचलून नेणारी माणसं, आणि पुढे पांढरा रुमाल हलवणारे फादर एडवर्ड डेली. जॅकी सतरा वर्षांचा होता. तो वाचला नाही.

(दृश्य : शाळेच्या गणवेशातली मुलगी. कॅमेरा हळूहळू वर, फुलपाखराकडे.)

या चित्रापाशी थांबायला हवं. ॲनेट मॅकगॅव्हिगन चौदा वर्षांची होती. सप्टेंबर १९७१मध्ये ती गोळी लागून मेली. १९९९मध्ये तिचं चित्र झालं तेव्हा बाजूला उलटी टांगलेली बंदूक अखंड होती, आणि वरच्या फुलपाखराची नुसती बाह्यरेषा होती. दोन्ही समाजांमधली शांतता टिकेल अशी खात्री पटल्यावरच ते पूर्ण करायचं, असं चित्रकारांनी ठरवलं होतं. सात वर्षं ते तसंच उघड्यावर राहिलं. २००६मध्ये बंदूक मधोमध मोडलेली रंगवली आणि फुलपाखरात रंग भरला.

जुन्या चित्रात असा नवा रंग भरणं नाजूक काम असतं. सात वर्षांत भोवतीचा रंग फिकट झालेला असतो. डब्यातला मूळ रंग तसाच लावला तर ठिगळ दिसतं. तो थोडा मळवून घ्यावा लागतो, किंवा भोवतालचा पट्टाही पुन्हा रंगवावा लागतो. त्यासाठी प्रत्येक रंगाचा नमुना फळीवर लावून, मिश्रणाचं प्रमाण त्याच फळीवर लिहून ठेवणं चांगलं. रात्री कुणी रंग भरलेली बाटली फेकून गेलं तरी तीच फळी उपयोगी पडते. असा डाग ताजा असतानाच भरपूर पाण्याने उतरवायचा, चोळायचा नाही. चोळला की तो गिलाव्याच्या खड्ड्यांत बसतो.

(दृश्य : पुन्हा एकटी भिंत. एक माणूस पांढरा रंग लावतोय.)

एकट्या भिंतीकडे परत येऊ. तिचा रंग बदलत असतो. कधी समलिंगी हक्कांच्या बाजूने ती गुलाबी झाली, कधी पॅलेस्टाइनच्या झेंड्याचे रंग आले. मग पुन्हा पांढरी. पन्नासहून अधिक वर्षांत हातावर हात चढत गेले, की थराचं वजनच थराला खाली ओढू लागतं. त्यामुळे नवा हात देण्याआधी धारदार पात्याने बारीक चौकडी कापून, चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढून बघायची. पट्टीबरोबर रंग आला तर तो भाग घट्ट थरापर्यंत खरवडायचा.

अक्षरं सव्वीस, तीन ओळींत : नऊ, आठ, नऊ. मधल्या ओळीत ‘आय’ हे अक्षर अगदी अरुंद आहे, म्हणून अंतरं फुटपट्टीने सारखी ठेवली तर तिथे दाटी दिसते. ती नजरेने सोडायची. आधी खडूने आखून रस्त्यापलीकडून वाचायचं आणि मग काळा रंग उघडायचा.