पेशींची पानगळ

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या तळहाताकडे एकदा बघा. आईच्या पोटात असताना हा हात सुरुवातीला वल्ह्यासारखा सपाट होता. बोटांच्या मधल्या पेशी वेळेवर मेल्या, म्हणून बोटं सुटी झाली. त्या पेशींना इजा झाली नव्हती, त्या ठरल्या वेळी आपणहून गेल्या. केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी १९७२ साली अशा मरणाला ‘अपोप्टोसिस’ हे ग्रीक नाव दिलं. अर्थ, पानं गळणं. आपल्याकडे ‘पानगळ’ हा इतका सुंदर शब्द आहे, तर मी तोच वापरणार.

आता जायचं, हे पेशीत ठरतं कसं? कोणतं प्रथिन कोणाला धरून आहे, त्यावर. पेशीतल्या तंतुकणिका ऊर्जा तयार करतात. त्यांच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडू शकणारी दोन प्रथिनं आहेत, बॅक्स आणि बॅक. बीसीएल-२ हे प्रथिन त्यांना आवरून धरतं. त्याच्या अंगावर एक लांबट खाच आहे, सगळी मेख तिथेच. डीएनए दुरुस्तीपलीकडे बिघडला, की पी-५३ या पहारेकरी प्रथिनाच्या हुकमावरून प्यूमा नावाचं प्रथिन तयार होतं आणि त्याचा पिळदार तुकडा त्या खाचेत चपखल बसतो. खाच अडली, की पकड सुटते. पडद्याला भोकं पडतात आणि सायटोक्रोम-सी बाहेर सांडतं. एरवी हे ऊर्जेच्या कामातलं साधं प्रथिन! बाहेर येताच ते अ‍ॅपाफ-१ या प्रथिनाला चिकटतं, अशा जोड्यांचं सात आऱ्यांचं चाक जुळतं, त्यावर कॅस्पेज-९ हे कातरणारं प्रथिन जागं होतं आणि ते त्याच्याच जातीच्या कॅस्पेज-३ ला कामाला लावतं. पेशी आतून कातरली जाते. तिचे तुकडे शेजारच्या पेशी गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही.

कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, असं आपण ऐकत आलो. पण फॉलिक्युलर लिम्फोमा या पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगात १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि बीसीएल-२ भरमसाट बनू लागतं. १९८८ साली मेलबर्नमध्ये डेव्हिड व्हॉ, सुझॅन कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी दाखवलं, की बीसीएल-२ चं जनुक पेशींना वाढवत नाही, मरू देत नाही. मला हा शोध फार मोलाचा वाटतो. पेशी मरत नसेल, तर तिला धरून ठेवणारा हात सोडवता येईल का, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला.

व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी नेमकं तेच करते. तिचा रेणू बीसीएल-२ च्या त्याच खाचेत जाऊन बसतो. २०१६ साली अमेरिकेत एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगासाठी तिला मान्यता मिळाली. त्या आजारात पहिल्या आठवड्यात रोज फक्त २० मिलिग्रॅम देतात आणि पाचव्या आठवड्यात ४०० पर्यंत नेतात. कारण अडून राहिलेली पानगळ एकदम सुरू झाली, तर मेलेल्या पेशींतला ऐवज रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांना तो झेपत नाही.