तुम्ही जरा गप्प बसून बघाल का?

सुरुवातीलाच पंखे बंद करायला लावले, त्याबद्दल माफी असावी. उकडतंय, दिसतंय मला. पण मागच्या रांगेत चार मुलं बसली आहेत आणि त्यातल्या दोघांना ही घरघर सोसत नाही. तासाभराचा प्रश्न आहे.

स्वमग्नतेसाठी काम करणाऱ्या संस्थांवर बोला, असं संयोजकांनी सांगितलं. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम: बोलणं-मिसळणं वेगळ्या पद्धतीने होणारी जन्मजात अवस्था. मी अभ्यासक नाही. बँकेत कॅशियर होतो आणि २४ वर्षांच्या स्वमग्न मुलाचा बाप आहे. त्यामुळे कुठल्याही संस्थेत गेलो की मी दोनच गोष्टी बघतो: ही काढली कुणी, आणि इथे बोलतं कोण?

काढली बहुतेक आईबापांनीच. त्याला कारण आहे. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन लिहिलं आणि या अवस्थेला नाव मिळालं. पण पुढची वीसेक वर्षं खापर फुटलं ते आईच्या डोक्यावर. आईला माया नाही, म्हणून मूल आपल्यात मिटलं, असं मोठमोठे तज्ज्ञ लिहीत होते. हसू नका. 'आई नोकरी करते ना, म्हणून!' हे माझ्या बायकोला आमच्याच वाड्यात ऐकवलं गेलंय.

बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकेच्या नौदलातले मानसशास्त्रज्ञ. मुलगा स्वमग्न. घरात बायकोला बघत होते, त्यामुळे मायेची ही गोष्ट त्यांना पटेना. मिळेल ते वाचून काढलं आणि १९६४ साली पुस्तक लिहिलं: याचं मूळ शरीरात आहे, आईच्या वागण्यात नाही. पुस्तकाच्या शेवटी एक प्रश्नावली जोडली होती. ती भरून देशभरातले पालक पाठवायला लागले. १९६५ साली न्यू जर्सीतल्या टीनेक गावात एका घरी पालक जमले आणि अमेरिकेतली पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. लंडनमध्ये हे १९६२ सालीच झालं होतं. तिथल्या संस्थापकांत लॉर्ना विंग होत्या, स्वतः मनोविकारतज्ज्ञ आणि स्वमग्न मुलीच्या आई.

हेच रिमलँड पुढे लसींमुळे स्वमग्नता येते असा संशय घेऊ लागले, हेही सांगायला हवं. तो संशय संशोधनात टिकला नाही. पण मी त्यांना हसत नाही. हतबल बाप कशावरही विश्वास ठेवतो. आपल्याकडे स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या उपचाराच्या जाहिराती याच हतबलतेवर चालतात. तो सिद्ध झालेला उपचार नाही, आणि त्यापायी शेतं विकू नका, एवढंच हात जोडून सांगतो.

आता दुसरा प्रश्न, बोलतं कोण? १९९३ साली टोरांटोच्या परिषदेत जिम सिंक्लेअर नावाची स्वमग्न व्यक्ती पालकांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, तुम्ही रडताय ते तुमच्या मनातल्या मुलासाठी. समोर आहे त्याच्यासाठी रडू नका. सभागृहातल्या आईबापांना काय वाटलं असेल! पुढे २००६ मध्ये स्वमग्न माणसांनी स्वतःची संघटना काढली. २००९ मध्ये एका बड्या अमेरिकी संस्थेने स्वमग्नतेला खलनायकाचा आवाज देऊन फिल्म केली, तेव्हा याच मंडळींनी ओरड केली आणि फिल्म मागे घ्यावी लागली. घरच्यांनी काढलेली संस्था घरच्यांच्याच भीतीवर चालायला लागली, की असं होतं.

भारतात मेरी बरुआ यांनी १९९१ साली दिल्लीत 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली. त्याही आईच. मुंबईत 'फोरम फॉर ऑटिझम' पालकांनी चालवलंय. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हतीच. आमच्या मुलाच्या पहिल्या दाखल्यावर 'मतिमंद' लिहिलं होतं, कारण दुसरा रकानाच नव्हता. १९९९ साली अशा व्यक्तींसाठी 'राष्ट्रीय न्यास' ही संस्था उभारणारा केंद्राचा कायदा झाला, त्यात ती आली ती पालकांनी दिल्लीत खेटे घातले म्हणून, आणि दिव्यांग हक्क कायद्यात यायला २०१६ उजाडलं.

पण मला सगळ्यात आवडतं ते गोव्यातलं काम. 'संगथ' या संस्थेने गोव्यात आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या रावळपिंडीत एकच उपचारपद्धती तपासून पाहिली. (दोन्ही देश मिळून क्रिकेटशिवाय असंही काही करतात!) ६५ मुलं, वय २ ते ९. तज्ज्ञ डॉक्टर नाहीत. शिकवून तयार केलेल्या साध्या कार्यकर्त्या. त्या आईचं आणि मुलाचं खेळणं चित्रित करायच्या, मग दोघी मिळून ते बघायच्या. बस्स. सगळ्याच बाबतीत फरक पडला नाही. पण आया मुलाच्या कलाने वागू लागल्या आणि मुलं आपणहून जास्त वेळा साद घालू लागली. २०१६ मध्ये हे छापून आलं.

आमच्याकडे येणाऱ्या थेरपिस्टताईंनी ही युक्ती माझ्यावर केली. मुलगा तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. तो बाटल्यांची झाकणं ओळीने मांडत होता, मी शेजारी. नंतर ताईंनी मोबाइल माझ्यासमोर धरला. बघतो तर काय, 'हा रंग कोणता? किती झाली? बघ इकडे. सांग ना!' पोरगा झाकण उचलतोय आणि मी कॅश काउंटरवर बसल्यासारखा हिशेब विचारतोय. ताई म्हणाल्या, 'काका, तुम्ही जरा गप्प बसून बघाल का?'

दुसऱ्या दिवशी बसलो गप्प. पाच मिनिटं म्हणजे केवढी असतात हे तेव्हा कळलं. शेवटी त्याने एक निळं झाकण माझ्या गुडघ्यावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी ते ओळीत लावलं. चुकीच्या जागी. त्याने ते उचलून नीट लावलं आणि मला दुसरं दिलं.

असो. कामाचं सांगतो. मुलाला १८ पूर्ण झाली असतील तर राष्ट्रीय न्यासाखाली कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे जातो. न्यासाच्याच 'निरामय' आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंतचा खर्च मिळतो आणि त्यात थेरपीही बसते. दोन्ही अर्जांच्या झेरॉक्स माझ्या पिशवीत आहेत. घेऊन जा, पण दारात गर्दी करू नका. आधी मागची चार मुलं बाहेर पडू देत, मग पंखे लावा.