पहाटेचे चाळीस किलोमीटर

(अंधार. हँडलवरच्या दिव्याचा पांढरा ठिपका. मागच्या चाकाची टिकटिक.)

पहाटेचे पावणेपाच. मे महिना. नागपूरच्या झीरो माइलचे चार दगडी घोडे अजून दिसत नाहीत, नुसत्या आकृत्या आहेत. आम्ही सहाजण, सायकलींवर. टायरची हवा अंगठ्याने दाबून बघणं, मागचे लाल दिवे लुकलुकतात ना ते एकमेकांचे बघणं, मग निघणं. रस्ता काटोल नाक्याचा. पुढे गोरेवाड्याचं जंगल, फेटरी, कळमेश्वर. जाऊन-येऊन चाळिशी भरते.

चाळीसच का? नोव्हेंबरात समुद्रकाठी ट्रायथलॉन आहे. दीड किलोमीटर पोहायचं, चाळीस किलोमीटर सायकल मारायची आणि मग दहा किलोमीटर धावायचं, सगळं सलग. २००० साली सिडनीत हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला तो याच अंतरांनी. मी चव्वेचाळीस वर्षांचा, शाळेत गणित शिकवतो. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "तीन कामं एकाच दिवशी कायले? तीन दिवस कर ना."

आईला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

(काटोल नाका. टपरीवर स्टोव्हची निळी ज्योत.)

इतक्या लवकर का, हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. २०२४ च्या मे अखेरीस तर एका स्वयंचलित केंद्राने थेट ५६ दाखवले. ते यंत्रच बिघडलं होतं, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. पण तोवर अख्ख्या शहराने ते खरं मानलं होतं, यातच सगळं आलं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते भाजणारे नऊ दिवस, लागला की सकाळी आठलाच डांबरातून वाफ निघाल्यासारखी वाटते. तेव्हा ऊन टाळायचं तर अंधारात निघावं लागतं.

आणि अंधारात ट्रक असतात.

या शहरात सराव करणाऱ्याची खरी कोंडी ही आहे. जी वेळ शरीराला सोसते ती रस्त्यावर सगळ्यात वाईट. पहाटे चार ते सहा म्हणजे रात्रभर गाडी हाकलेल्या माणसाचे डोळे मिटायची वेळ. अमरावती रस्त्यावर वाडीला गोदामं आणि ट्रान्सपोर्टची दाटी, वर्धा रस्त्याला बुटीबोरीचे कारखाने, हिंगण्याला एमआयडीसी. म्हणजे कुठूनही बाहेर पडा, सोबत बारा चाकं आहेतच. समृद्धी महामार्गाचं नाव काढू नका, तिथे दुचाकीलाही मज्जाव आहे, सायकल तर लांबच.

ट्रक जवळून गेला की आधी हवेचा धक्का बसतो, सायकल डावीकडे ढकलली जाते. ट्रक पुढे सरकताच तीच हवा आत ओढते. नवखा माणूस पहिल्या धक्क्याला घाबरून हँडल उजवीकडे वळवतो आणि नेमका दुसऱ्या ओढीत सापडतो. आम्ही नवीन पोराला पहिल्या दिवशी हेच सांगतो: हात सैल ठेव, सरळ जाऊ दे, श्वास सोड. आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये हौशी स्पर्धकाला त्याच्या पुढच्या चाकापासून समोरच्याच्या पुढच्या चाकापर्यंत बारा मीटर अंतर राखावं लागतं, पुढच्याच्या आडोशाने फुकटचा वेग मिळू नये म्हणून. नियम मोडला तर दंड होतो. इकडे आमच्या कोपराला आरसा घासून जातो आणि वर हॉर्नही आम्हीच खायचा.

(कॅमेरा खाली. सिमेंट रस्त्याची कडा, शेजारी गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक.)

हे जरा नीट बघा. नागपूरने सिमेंटचे रस्ते हौसेने केले, कारवाल्यांचं भलं झालं. पण रोडबाईकचा, म्हणजे शर्यतीच्या सायकलचा, टायर जेमतेम पंचवीस मिलिमीटर रुंद. सिमेंटच्या दोन पट्ट्यांमधली उभी फट तेवढीच उघडी पडली की चाक रुळात बसावं तसं आत बसतं आणि माणूस सायकलसकट आडवा होतो. कडेला सिमेंट संपून गट्टू सुरू होतात तिथे दोन-चार इंचांची पायरी. उतरताना चालतं, पण परत वर चढताना तिरकं चढलात की गेलात. म्हणून सायकलवाला कडेपासून मीटरभर आत चालवतो. मागचा मोटारवाला म्हणतो, "काय बे, रस्ता तुझ्या बापाचा आहे का?" नाही भाऊ. पण कडेची ती पायरी तुम्हाला गाडीत बसून दिसत नाही.

(दिवा अंगावर पडतो. घोट्याच्या पट्ट्या चमकतात, वरखाली होतात.)

पोपटी जॅकेट घातलं की सगळ्यांना दिसतो, हा गैरसमज मीही दोन वर्षं अंगावर घालून हिंडलो. तो भडक रंग चमकतो उन्हातल्या अतिनील किरणांमुळे. रात्री दिव्याखाली तो साधा पिवळट कपडा. अंधारात काम करते ती परावर्तक पट्टी, हेडलाइटचा उजेड आला तसा माघारी फेकणारी. आणि ती पाठीपेक्षा घोट्याला जास्त कामाची, कारण पाय वरखाली होतात. दोन ठिपके वरखाली होताना दिसले की ड्रायव्हरच्या डोक्याला लगेच कळतं की हा माणूस आहे. स्थिर ठिपका खांबाचाही असू शकतो. आमच्या सहाजणांत सगळ्यात स्वस्त वस्तू या पट्ट्याच असतील.

(अमरावती रस्ता. कडेला पडलेले चार-पाच दगड.)

आता दगड.

ट्रक बंद पडला की ड्रायव्हर मागे दगड मांडतो, वर झाडाची फांदी ठेवतो. मागच्याला कळावं म्हणून. त्या वेळी ते बरोबरच असतं. ट्रक दुरुस्त होतो, निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. दोन वर्षांपूर्वी, वाडीच्या पुढे, पहाटे साडेपाचला मी अशाच एका दगडावर गेलो. वेग बत्तीस होता. मी हँडलला जोडलेल्या एरोबारवर वाकलेलो, कोपरं टेकलेली. तिथे हाताशी ब्रेक नसतो. बोटं ब्रेकवर यायला सेकंदभर लागतो आणि बत्तीसच्या वेगाने सेकंदात जवळजवळ नऊ मीटर जातात. गणिताच्या मास्तरला हे आधी कळायला हवं होतं.

कॉलरबोन मोडलं. हेल्मेटला मागून केसाएवढी भेग. वरून धड दिसत होतं, म्हणून भाच्याने मागितलं. दिलं नाही. आतला फोम एकदाच दबण्यासाठी असतो, दबला की त्याचं काम संपलं. तेव्हापासून एरोबार फक्त घरच्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर.

ट्रायथलॉनमध्ये एक नियम आहे, तो मला फार आवडतो. पोहून आलात, धापा टाकत सायकलीपाशी पोचलात, तरी आधी हेल्मेट डोक्यावर, हनुवटीखालचा पट्टा बंद, मगच स्टँडवरच्या सायकलला हात. उलट केलं तर दंड. आमच्याकडे हेल्मेट हँडलला लटकवून फिरवतात, जणू नारळ.

(घरातला हॉल. ट्रेनरवर सायकल, समोर कूलर.)

मोठ्या सरावातला निम्मा भाग आता इथे होतो. कूलरला वाळ्याची ताटी, पुढ्यात सायकल, खाली टॉवेल, शेजारी लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याच्या दोन बाटल्या. नुसतं पाणी पीत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही, डोकं जड होतं, पोटऱ्या वळतात. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारून गेल्या, "पिठाची गिरणी घेतली का?" इथे सिग्नल नाही, कुत्रा नाही, राँग साइडने येणारा नाही. वारा आणि वळणही नाही. पाय तयार होतात, नजर होत नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा रस्ता लागतोच.

पोहण्याचं काय? पंचवीस मीटरच्या तलावात साठ फेऱ्या मोजायच्या. तळाला काळी रेघ असते. समुद्रात ती नसते, एवढंच आठवत राहायचं.

धावणं मात्र सायकलवरून उतरल्या उतरल्या करावं लागतं. याला ब्रिक म्हणतात. पहिला किलोमीटर पाय आपले नसतात, गुडघ्याखाली कोणीतरी ओलं लाकूड बांधलेलं. फुटाळा तलावाच्या काठावर मी तसा धावत असतो तेव्हा चणेवाला रोज विचारतो, "काहून भाऊ, सायकल पंचर झाली का?"

नागपूरचेच डॉ. अमित समर्थ २०१७ साली अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा, जवळपास पाच हजार किलोमीटर, बारा दिवसांच्या आत एकट्याने सायकलवर गेले. त्यामुळे रस्ते वाईट म्हणून काही होत नाही, असं म्हणायची सोय या शहरात कोणालाच उरलेली नाही. तक्रार करायची सोय मात्र आहे, ती आम्ही रोज तर्री पोह्यांच्या प्लेटवर वापरतो.

(कळमेश्वरहून परतीची वाट. पूर्वेला तांबडं.)

फेटरीच्या अलीकडे पुढचा ओरडतो, "दगड, डावीकडे!" शब्द मागे मागे जातो. चार दगड, एक सुकलेली बाभळीची फांदी, ट्रक कुठेच नाही. आमचा वेगाचा सराव चालू आहे, घड्याळ पळतंय. तरी सगळे कडेला थांबतात. दोघं मागे उभे राहून हात दाखवतात, बाकीचे दगड उचलून नाल्यात टाकतात. शेवटचा दगड दोघांना मिळून ढकलावा लागतो.

घरी येऊन बघितलं. सरासरी वेग, चोवीस पूर्णांक सहा.