फेब्रुवारीतला धडा, मार्चमधली बस

आत येताना प्रत्येकाच्या हातात एक तपकिरी कागद दिला आहे. मुलांनो, तो जमिनीवर ठेवा, चप्पल काढा, पाऊल कागदावर ठेवा आणि पेन्सिलनं भोवतीनं रेघ ओढा. शिक्षकांनी आणि पालकांनीही. घाई नाही, मी थांबते.

झालं? आता हा कागद घेऊन बुटांच्या दुकानात जायचं. दुकानदार या रेघेशी ताडून एक जोड तुमच्या हातात ठेवेल. पाय घालून बघायचा नाही, कारण तुमचा पाय लागलेला बूट मग गोरं गिऱ्हाईक घेणार नाही. पैसे मात्र पुरते मोजायचे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहरात, १९५०च्या दशकात काळ्या घरांतल्या मुलांचे बूट असे घेतले जायचे. कपड्यांचंही तेच, अंगाला लावून बघण्याची सोय नव्हती. क्लॉडेट कॉल्विन नावाच्या मुलीनं याच गोष्टीवर शाळेत निबंध लिहिला होता. ती तेव्हा १५ वर्षांची होती. इथं दहावीला बसलेल्या मुली आहेत ना, त्यांच्या वयाची.

मी 'काळे' हा शब्द वापरणार आहे. आपल्याकडे तो हिणवायला वापरतात, मला माहीत आहे. पण ती माणसं स्वतःला 'ब्लॅक' म्हणवतात आणि मान वर करून म्हणवतात, म्हणून मीही तोच शब्द घेते.

२ मार्च १९५५, बुधवार. शाळा सुटल्यावर क्लॉडेट तीन वर्गमैत्रिणींबरोबर बसमध्ये चढली. त्या शहराच्या बसमध्ये पुढच्या १० जागा गोऱ्यांसाठी राखीव असत, रिकाम्या असल्या तरी काळ्यांनी तिथं बसायचं नाही. या मुली त्यामागं बसल्या, म्हणजे नियमाप्रमाणंच. पुढच्या जागा भरल्या आणि एक गोरी बाई उभी राहिली. ड्रायव्हरनं चौघींनाही उठायला सांगितलं, कारण गोरं माणूस आणि काळं माणूस एका रांगेत बसलेलं चालत नसे. तिघी उठल्या. क्लॉडेट उठली नाही. बघा, तीन जागा मोकळ्या झाल्या होत्या, तरीही ती बाई उभीच राहिली. एका काळ्या मुलीच्या रांगेत बसण्यापेक्षा उभं राहणं तिला बरं वाटलं.

पोलीस आले. क्लॉडेट म्हणत राहिली की मी भाडं भरलंय, हा माझा घटनेनं दिलेला हक्क आहे. दोघा पोलिसांनी दंड धरून तिला ओढलं, मांडीवरची शाळेची पुस्तकं उडून पडली, हातात बेड्या पडल्या. तिला ठेवलं ते मोठ्या माणसांच्या कोठडीत. सुटून घरी आली त्या रात्री तिचे वडील बंदूक घेऊन जागे राहिले, कोणी घरावर चाल करून आलं तर म्हणून.

का उठली नाहीस, असं तिला पुढं आयुष्यभर विचारलं गेलं. तिनं दिलेलं उत्तर ऐकलं तेव्हा मी, ३१ वर्षं इतिहास शिकवलेली बाई, गप्प झाले. ती सांगायची की एका खांद्यावर हॅरिएट टबमननं हात ठेवून मला खाली दाबलं होतं, दुसऱ्या खांद्यावर सोजर्नर ट्रूथनं. मला उठताच येईना.

या दोघी कोण? हॅरिएट टबमन गुलाम म्हणून जन्मली, १८४९ साली पळाली, आणि सुटल्यावर गप्प न बसता सुमारे १३ वेळा परत जाऊन जवळपास ७० माणसांना तिनं सोडवून आणलं. सोजर्नर ट्रूथ हीसुद्धा गुलामीत जन्मलेली. तिचा लहान मुलगा बेकायदा दूर विकला गेला, तेव्हा लिहिता-वाचता न येणारी ही बाई कोर्टात गेली आणि १८२८ साली खटला जिंकून पोराला परत घेऊन आली. दोघीही क्लॉडेटच्या जन्माआधी कधीच गेल्या होत्या. मग बसमध्ये त्या आल्या कुठून?

त्या शाळेतून आल्या. दर फेब्रुवारीत काळ्यांच्या शाळांत 'नीग्रो हिस्टरी वीक', म्हणजे काळ्यांच्या इतिहासाचा आठवडा, पाळला जायचा. क्लॉडेटच्या बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये त्या वर्षी शिक्षकांनी तो आठवडाभरावर सोडला नाही, महिनाभर चालवला. टबमन आणि ट्रूथ यांच्याविषयी बोलणं झालं, घटनेतल्या हक्कांविषयी झालं, आपल्याच गावातल्या दुकानांविषयी आणि बसविषयी झालं. महिना संपला आणि दोन दिवसांनी बसमधला प्रसंग घडला.

आता हा आठवडा सुरू करणाऱ्या माणसाबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण तो मला फार जवळचा वाटतो. कार्टर वुडसन. जन्म १८७५, व्हर्जिनिया. आईवडील दोघंही गुलामीत जन्मलेले. घरची गरिबी इतकी की हा मुलगा कोळशाच्या खाणीत कामाला गेला आणि हायस्कूलची पायरी चढला ती २० व्या वर्षी. तोवर त्याची शाळा कोणती? खाणीत ऑलिव्हर जोन्स नावाचे एक कामगार होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण घरात वर्तमानपत्रं आणि पुस्तकं जमवलेली. दिवसभर कोळसा फोडून माणसं त्यांच्या घरी जमायची आणि पोरसवदा वुडसन त्यांना पेपर वाचून दाखवायचा. वाचता वाचता बातमी थांबायची आणि बोलणं सुरू व्हायचं. ही लढाई अशी नव्हती, मी तिथं होतो. आमच्या पलटणीत असं झालं होतं. छापील इतिहासात ही माणसं कुठंच नव्हती, आणि इतिहास तर समोर कंदिलाच्या उजेडात बसलेला. ते अंतर त्या पोरानं मनात ठेवलं. १९१२ साली त्यानं हार्वर्डची पीएच. डी. मिळवली. हार्वर्डकडून ती मिळवणारे ते दुसरे काळे विद्वान. पहिले डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस.

१९१५ साली वुडसन यांनी काळ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था काढली, पुढच्या वर्षी नियतकालिक काढलं, आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये पहिला इतिहास सप्ताह. फेब्रुवारीच का? लिंकन यांची जयंती १२ ला आणि गुलामीतून सुटून तिच्याविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस यांची १४ ला. काळे लोक हे दिवस आधीपासून साजरे करत होते. डग्लस यांना स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती, गुलामांच्या पोरांची नोंद कोण ठेवणार, म्हणून १४ तारीख त्यांनी स्वतःच ठरवलेली. वुडसन यांची संस्था शाळांना चित्रं, छोटी नाटकं आणि पाठांची टिपणं पुरवायची. आणि दोन थोर पुरुषांचं कौतुक करून थांबू नका, असं वुडसन बजावायचे. काळ्यांचा वेगळा कप्पा करू नका, जगाच्या इतिहासात ते कुठं कुठं होते ते दाखवा, हे त्यांचं सांगणं.

शिक्षकांनो, हे तुमच्यासाठी. १९३०च्या दशकात लुइझियानात टेसी मॅक्गी नावाच्या एक तरुण शिक्षिका होत्या. सरकारी अभ्यासक्रमाचा कागद त्या टेबलावर ठेवत आणि वुडसन यांचं पुस्तक मांडीवर. मांडीवरच्या पुस्तकातून वाचून शिकवायच्या. दारात मुख्याध्यापक दिसले की नजर वर, टेबलावरचा कागद सुरू. ते गेले की नजर पुन्हा मांडीवर. हे आपल्याला कळलं ते त्यांच्या एका विद्यार्थ्यामुळं. म्हणजे त्या मुलानं सगळं पाहिलं होतं. धडा तर तो शिकलाच, पण हा धडा शिकवण्यासाठी आपल्या बाई काय पणाला लावतायत हेही शिकला.

मी माझ्या नोकरीत असं शिकवलं का? खरं सांगते, बरीच वर्षं नाही. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो' इथपासून 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते' इथपर्यंत मुलांकडून पाठ करून घेतलं. फोटोला हार, उदबत्ती, नारळ. मुलगी धडाधडा बोलून खाली बसायची, टाळ्या पडायच्या. सावित्रीबाईंवर बोललेल्या एका मुलीला मी नंतर सहज विचारलं की शेण अंगावर पडल्यावर त्यांना काय वाटलं असेल गं? ती म्हणाली, "त्यांना कसं काही वाटेल बाई, त्या थोर होत्या." तिचं काहीच चुकलं नव्हतं. आम्हीच त्या बाईला इतकं उंच नेऊन ठेवलं होतं की तिला लागतही नाही, असं पोरीला वाटलं.

म्हणून क्लॉडेटची पुढची गोष्ट मी मुलांपासून लपवत नाही. तिच्या अटकेनं शहरातले काळे पुढारी हलले, बैठका झाल्या, पण तिच्या नावानं आंदोलन उभारायचं नाही असं ठरलं. ती अल्पवयीन होती, गरीब वस्तीतली होती, रंगानं जास्त सावळी होती, बोलायला फटकळ. काही महिन्यांनी तिला लग्नाआधी दिवस गेले. नऊ महिन्यांनंतर, १ डिसेंबरला रोझा पार्क्स यांनी बसमध्ये उठायला नकार दिला, आणि त्यांच्या नावावर बसबहिष्कार उभा राहिला. ३८१ दिवस चालला. रोझा पार्क्स मोठ्याच होत्या, त्यांच्या नखाइतकंही कमी करायचं नाही. पुढाऱ्यांचाही हिशेब मला कळतो, समोरचं सरकार एकेक खोट शोधत बसलेलं होतं. तरीही मला वाईट वाटतं. शाळेनं ज्या मुलीला ताठ बसायला शिकवलं, तिलाच शाळेतली मुलं टाळायला लागली.

आणि तरी ती पुन्हा उभी राहिली. बसमधला भेदभाव कायद्यानं संपवणारा खटला 'ब्राउडर विरुद्ध गेल', त्यात वादी म्हणून चार बायका होत्या, त्यातली एक क्लॉडेट. मे १९५६ मध्ये तिनं फेडरल कोर्टात साक्ष दिली. वय १६, घरी काही आठवड्यांचं बाळ. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल कायम केला. पुढं ती न्यूयॉर्कला गेली आणि एका शुश्रूषागृहात वृद्धांची सेवा करत तिनं नोकरी केली, कितीतरी वर्षं कोणाला तिचं नावही ठाऊक नव्हतं.

आदर्श म्हणून अशी मुलगी चालेल का, असं मला एका पालकांनी विचारलं होतं. माझ्या मते तीच चालेल. घाबरलेली, चुकलेली, एकटी पडलेली, आणि तरीही कोर्टात जाऊन उभी राहिलेली. मुलं स्वतःला कुठं ना कुठं तिच्यात बघू शकतात.

मुलं एवढ्याशा धाग्यावरून किती लांब जातात! बेसी कोलमन ही काळी मुलगी शिकागोत नखं रंगवायचं काम करायची. तिला विमान चालवायचं होतं, अमेरिकेतली एकही शाळा घेईना, म्हणून ती फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि जून १९२१ मध्ये वैमानिकाचा परवाना घेऊन आली. १९२६ च्या एप्रिलमध्ये ती अपघातात गेली, पहिला इतिहास सप्ताह होऊन दोन-अडीच महिने झाले होते. १९९२ च्या सप्टेंबरात मे जेमिसन ही अंतराळात जाणारी पहिली काळी अमेरिकन स्त्री ठरली. सोबत नेलेल्या मोजक्या वस्तूंत तिनं बेसीचा फोटो नेला होता.

आपला यात काय संबंध, असं मागच्या रांगेत कोणाला वाटत असेल. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं, ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या भल्या माणसांना, ज्यांनी काळ्यांना गुलामीतून सोडवण्यासाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा ही आशा त्यांनी तिथंच लिहून ठेवली. वुडसन तेव्हा जन्मायचे होते. १९४६ साली बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले काळे आणि भारतातले अस्पृश्य यांच्या स्थितीत किती साम्य आहे, आणि काळ्यांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाची प्रत मिळेल का, अशी विचारणा. डु बॉइस यांचं आपुलकीचं उत्तरही आलं. आणि छत्रपती संभाजीनगरच्या नहरीचं पाणी ज्यानं आणलं, तो मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला काळा माणूस होता. निजामशाहीची पेशवाई त्यानं सांभाळली, खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगरच, वसवली. आपल्या पुस्तकांत तो मोगलांशी लढणारा सरदार म्हणून येतो. मुलांना त्याचं बालपण कधी सांगितलंय आपण?

क्लॉडेटकडे परत येते आणि थांबते. बसमधल्या त्या दिवसासाठी कोर्टानं तिला दोषी ठरवलं होतं. अपिलात बाकीचे आरोप सुटले, पोलिसावर हात उगारल्याचा राहिला. ती देखरेखीखालची अल्पवयीन गुन्हेगार, आणि ती देखरेख संपल्याचं तिला कोणी कधी कळवलंच नाही. दर सुट्टीत ती माँटगोमेरीला आली की घरच्यांच्या पोटात गोळा यायचा. २०२१ साली, ८२ व्या वर्षी, ती पुन्हा त्याच शहरातल्या कोर्टात गेली आणि माझी नोंद पुसा म्हणून अर्ज दिला. नातवंडा-पतवंडांसाठी, असं म्हणाली. अर्ज मंजूर करून सही करणारे न्यायाधीश काळे होते. ६६ वर्षांनी तो कागद फाडला गेला.