जाळीचा पाईप कुठे टाकावा, कुठे नाही

सोलापुरात गॅरेजमालक आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन

नमस्कार. मे महिन्यात, भर दुपारी, सोलापुरात एवढी माणसं पाईपांबद्दल ऐकायला बसलीत म्हणजे विषय जिव्हाळ्याचा असणार. नाहीतर इथला कूलर चांगला असणार.

विषय तुमच्या रोजचाच आहे. गिऱ्हाईक मोबाईलवर काहीतरी बघून येतं आणि म्हणतं, "मालक, ते रबराचे पाईप काढा, सगळे जाळीचे टाका की." इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचे, ऑइलचे, सगळे एकदम. स्टीलची जाळी, निळ्या-लाल फिटिंगा, बोनेट उघडलं की लखलखाट. आपणही टाकून देतो, कारण बिल बरं होतं. माझं म्हणणं एवढंच की ऑइलला टाका, पण विचार करून टाका. कूलंटला बहुतेक गाड्यांत टाकू नका.

आधी ही जाळी करते काय ते बघू. सोलापूरच्या माणसाला विणकाम शिकवायला मी आलेलो नाही, पण चादरीची वीण आणि पाईपची वीण यांत एक फरक आहे. मागावर ताणा उभा, बाणा आडवा, दोघं काटकोनात. पाईपच्या जाळीत बाणा नसतोच. अर्ध्या बॉबिनी एका दिशेनं आणि अर्ध्या उलट्या दिशेनं, नागमोडी वाटेनं एकमेकींना ओलांडत नळीभोवती फिरतात. त्यामुळे प्रत्येक तार तिरकी बसते. ती किती तिरकी, यावर सगळा खेळ आहे. पाईपच्या लांबीशी तारेचा कोन ५४.७ अंश असेल तर दाब आल्यावर पाईप लांबतही नाही, आखडतही नाही. कोन त्याहून कमी असेल तर पाईप फुगतो आणि आखूड होतो. जास्त असेल तर बारीक होऊन लांबतो. हा आकडा भूमितीतून निघतो, कंपनी कुठलीही असो. आणि ज्याला आपण 'साधा रबराचा पाईप' म्हणतो, त्याच्या पोटातही सूत असतंच. जुना हीटर पाईप आडवा कापून बघा, रबराच्या दोन थरांमध्ये धाग्याची कडी दिसेल. म्हणजे जाळी दोन्हीकडे आहे, एकीची आत झाकलेली, दुसरीची बाहेर मिरवणारी.

आता दाब. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारचा; एक बार म्हणजे साधारण आपल्या हवेच्या दाबाएवढा दाब. हा दाब मुद्दाम ठेवलेला असतो, कारण त्यानं पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल आणि साधारण एक बारचं झाकण असेल तर उकळी थेट १२९ अंशांच्या आसपास जाते. आपल्या उन्हाळ्यात त्याची किती गरज आहे ते सांगायला नको. पण एक बार म्हणजे दाब तसा किरकोळ. चांगला रबरी पाईप तो हसत झेलतो.

मग पाईप निसटतात कसे? हिशोब करू. वरच्या रेडिएटर पाईपचं छिद्र ३२ मिलिमीटर धरा, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ८ चौरस सेंटिमीटर. पाईप ज्या नळीच्या तोंडावर चढवतो, त्या तोंडावरून त्याला ढकलून काढणारा जोर १.१ बारला होतो जवळपास ९ किलो. ऑइलचा बारीक पाईप घ्या, आतून ९ मिलिमीटर. ५ बार दाबाला तिथला जोर सव्वातीन किलोच्या आसपास. दाब साडेचारपट असूनही जोर तिपटीनं कमी. म्हणजे कूलंटच्या पाईपची कसोटी लागते ती तोंडाशी, क्लिपजवळ. पाईपच्या अंगावर कितीही स्टील गुंडाळलं तरी त्या ९ किलोंना तुमची क्लिपच धरून ठेवते.

आता कूलंटचा पाईप मरतो कशानं, हा खरा प्रश्न. दाबानं नाहीच. तो मरतो उष्णतेनं, बाहेरून पाझरणाऱ्या ऑइलनं, आणि तिसरं कारण ऐकून पुष्कळ जण चमकतात, विजेनं. कूलंटच्या पाईपचं रबर ईपीडीएम असतं. उष्णतेला, पाण्याला ते उत्तम; ऑइल लागलं की फुगतं, पिठूळ होतं. म्हणूनच पाण्याच्या पाईपचा तुकडा ऑइलला जोडायचा जुगाड करू नका, दिवसभर चालेल आणि रात्री हायवेवर दगा देईल.

विजेचं असं आहे: धातूचं तोंड, कूलंट आणि कार्बन घातलेलं रबर, तिघं मिळून एक बारीकशी बॅटरी तयार होते. तोंडाच्या आसपास, क्लिपपासून दोन इंचांच्या आत, रबराला आतून उभ्या चिरा पडत जातात. गेट्स या पाईप-बेल्ट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी याचा छडा लावला आणि मग त्याला टिकणारं रबर आलं. बाहेरून पाईप नवाकोरा दिसतो. ओळखायचं बोटांनी. इंजिन पूर्ण थंड असताना क्लिपजवळ अंगठा आणि तर्जनीत पाईप दाबायचा, मग मधोमध दाबायचा. तोंडाशी मऊ लागला, आत फट असल्यासारखं वाटलं, तर पाईप बदला. मीटर असेल तर काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल टोक रेडिएटरच्या कूलंटमध्ये, धातूला न टेकवता, बुडवा. ०.३ व्होल्टच्या वर आकडा आला तर कूलंटचा दम संपलाय किंवा कुठलं तरी अर्थिंग ढिलं आहे. बोअरचं जड पाणी ओतत राहणाऱ्या गाडीत हे करून बघा, पुढच्या वेळी गिऱ्हाईकच कूलंट मागेल.

आता ही बोटांची तपासणी जाळीवरून करून दाखवा. होत नाही. माझा जाळीवर राग आहे तो इथे. त्यातही बाजारात नुसती वरून चढवायची जाळी मिळते, टोकाला रंगीत टोप्या घातलेली. ती पाईप नाही, झगा आहे. मोहोळकडची एक पिकअप इंजिन सीज, म्हणजे जाम, होऊन माझ्याकडे आली होती. जाळी चकाचक. टोपी मागे सरकवली तर खाली तोच जुना पाईप, क्लिपच्या मागे लिंबाएवढा फुगून फाटलेला. जाळी नसती तर तो फुगा ड्रायव्हरला पाणी बघताना दिसला असता.

शिवाय रेडिएटरचा पाईप साच्यातून वळवून काढलेला असतो. इंजिन माउंटिंगवर हलतं, रेडिएटर हलत नाही. तो वळणदार पाईप हा हलका हिसका गिळतो. तिथे सव्वा इंची जाडजूड जाळीचा पाईप ताणून बसवला की हिसका जातो रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीला, आणि तिची मान तडकते.

ऑइलची गोष्ट वेगळी. मघाशी मीच म्हटलं, जोर सव्वातीन किलोचाच. मग जाळी कशाला? कारण कूलंटचा पाईप गेला तर काटा वर चढायला थोडा वेळ मिळतो. ऑइलचा गेला तर बेअरिंगला वेळच मिळत नाही, आणि ते ऑइल तापलेल्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर, पडलं तर आग लागते. थंड इंजिन सुरू करताना दाब उसळतो तो वेगळा. म्हणून ऑइल कूलरचे पाईप, आणि टर्बोला, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याला, ऑइल नेणारा बारीक पाईप, ही जाळीची खरी जागा. टर्बोजवळ आतली नळी पीटीएफईची घ्या, ज्याला आपण टेफ्लॉन म्हणतो. ती २६० अंशांपर्यंत टिकते. आत नायट्राइल रबर असलेला पाईप बाहेरून हुबेहूब तसाच दिसतो, पण सव्वाशे अंशांच्या पुढे कडक होऊन तडकतो. दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा: "जाळीच्या आत काय आहे?" आणि लक्षात ठेवा, दोन्हींच्या फिटिंगा वेगळ्या. रबराची फिटिंग पीटीएफईला बसवली की गळणारच. टर्बोमधून ऑइल परत नेणाऱ्या पाईपला मात्र दाब नसतो, ते नुसतं उतारानं घरंगळतं. तिथे जाळीपेक्षा मोठं छिद्र आणि सरळ उतार महत्त्वाचा.

फिटिंगचा नंबर म्हणजे इंचाचे सोळावे भाग. सहा नंबर म्हणजे तीन-अष्टमांश इंच, आठ म्हणजे अर्धा. कोनाचा घोळ मोठा आहे: जाळीच्या पाईपची ही फिटिंग ३७ अंशांची, गाड्यांच्या पुष्कळ नळ्यांचे फ्लेअर, म्हणजे पसरट केलेली तोंडं, ४५ अंशांचे. दोन्ही एकमेकांत अडकतात, आवळल्याही जातात, आणि गळतात. त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिथे सील होतं ते कोनावर, आट्यांवर नाही.

कापताना पाईपला घट्ट टेप मारा आणि ग्राइंडरच्या पातळ चकतीनं टेपच्या मधोमध कापा. हॅक्सॉनं तारा विस्कटतात आणि बोटात घुसतात. कापल्यावर दोन्हीकडून हवा मारा, कारण आत राहिलेला बुरा सरळ बेअरिंगला जातो. मग सॉकेट, म्हणजे फिटिंगची बाहेरची टोपी, चढवा आणि सॉकेटच्या कडेला पाईपवर मार्करनं रेघ ओढा. निपलला, म्हणजे फिटिंगच्या आत जाणाऱ्या नळीला, ऑइल लावून फिरवत आत घ्या, नट आणि सॉकेटमध्ये मिलिमीटरभर फट उरेपर्यंत. रेघ कडेपासून सरकली असेल तर पाईप आतून मागे आलाय. काढा, परत करा. ही रेघ कंटाळा न करता ओढा.

आणखी दोन गोष्टी. स्टीलची जाळी म्हणजे कानसच. जिथे घासेल तिथे ॲल्युमिनियम, वायर, शेजारचा पाईप, सगळं खाते. रबर लावलेल्या पट्टीनं तिला ठिकठिकाणी बांधा. आणि जाळी वीज वाहते. स्टार्टरच्या टर्मिनलपासून लांब ठेवा. इंजिनची अर्थिंगची पट्टी गंजलेली असेल तर स्टार्टरचा करंट वाट शोधत जाळीतूनच बॉडीला जातो आणि पाईप तापून आतून वितळतो. म्हणून पाईप टाकायच्या आधी अर्थिंग तपासा.

एक चिठ्ठी आलीये: सिलिकॉनचे पाईप चालतील का? कूलंटला चालतात, उष्णता छान सोसतात. पण सिलिकॉनमधून पाण्याची वाफ हळूहळू बाहेर झिरपते, त्यामुळे पातळी बघत राहायची. क्लिप आतून गुळगुळीत पट्टीची घ्या. भोकं पाडलेल्या साध्या क्लिपच्या खाचांतून सिलिकॉन वर येतं आणि कापलं जातं. पहिल्यांदा इंजिन तापून पूर्ण थंड झालं की क्लिप परत आवळा. ऑइलला सिलिकॉन बिलकूल लावू नका.