मागच्या गल्लीनं जाऊ नका

(बेळगावात, वडगाव ह्या विणकरांच्या भागात, एका वाचनालयाच्या हॉलमध्ये नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी झालेलं बोलणं, थोडं नीट करून.)

नमस्कार. मघाशी खाली चप्पल काढताना एका मावशींनी मला धरलं, म्हणाल्या सर, पोराचा डिप्लोमा होऊन दोन वर्षं झाली, तुमच्या ओळखीनं कुठंतरी चिकटवा की. मावशी, चिकटवायचं माझ्या हातात नाही, पण तुम्ही जो शब्द वापरला ना, ओळख, त्याच्यावरच मी आज बोलणार आहे, त्यामुळं तुम्ही पुढं येऊन बसा.

आधी माझं सांगतो. 2009 साली मंदी होती, उद्यमबागच्या फाउंड्र्यांना आणि मशीनशॉपना ऑर्डरी कमी झाल्या होत्या, मी एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होतो आणि एका शनिवारी आम्हा काही जणांना सांगितलं की सोमवारपासून येऊ नका. पगार गेला त्याचं दुःख होतंच, पण मला जास्त भीती कशाची वाटायची तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाचं दुकान आहे तिथं बसणाऱ्या माणसांची. कारण तिथून गेलं की कोणीतरी हाक मारणार, काय रे, आज सुट्टी काय? म्हणून मी मागच्या गल्लीनं जायला लागलो, मग तेही बंद केलं, घरातच. सकाळी दहाला उठायचं, पेपर बघायचा, परत आडवं व्हायचं. सात महिने! आणि त्या सात महिन्यांत मी नोकरी शोधतोय हे माझ्या बायकोला आणि दोन मित्रांना सोडून कोणालाही माहीत नव्हतं. आता तुम्हीच सांगा, मला नोकरी देणार कोण?

माझ्यासारखंच एका अख्ख्या गावाचं झालं होतं आणि तेही विणकरांचं, म्हणून इथं वडगावात सांगायला पाहिजे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारियनथाल म्हणून गाव आहे, तिथली कापडाची गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. 1931-32 च्या सुमाराला मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइसेल हे अभ्यासक आणि त्यांचे साथीदार तिथं गेले. गावात वाचनालय होतं. तुम्हाला वाटेल रिकामा वेळ मिळाला म्हणजे लोक जास्त पुस्तकं नेत असतील, तर उलटंच, 1929 ते 1931 मध्ये नेलेल्या पुस्तकांची संख्या निम्म्यावर आली, आणि हे पुस्तकाची फी माफ केलेली असताना! रस्त्यावर पुरुष हळू चालायला लागले, सारखे थांबायचे, बायका मात्र भरभर जायच्या कारण घरचं काम काही संपलेलं नव्हतं. दिवसभर काय केलं ते लिहून द्या म्हटलं तर पुरुषांना आठवायचंच नाही.

मी हे वाचलं तेव्हा मला रडू आलं, खरंच सांगतो, कारण मला वाटत होतं मीच आळशी झालोय. घरचे पण तेच म्हणतात ना, नुसतं झोपून असतो. आईवडिलांनो, तो आळस नव्हे. काम गेलं की दिवसाला बांधणारी दोरीच जाते, आणि मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघून ती परत येत नाही, मी भरपूर बघितलेत. ती येते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ठरल्या वेळेला घराबाहेर पडल्यावर, मग भले वाचनालयात येऊन बसायचं असू दे.

माझं पुढं काय झालं ते सांगतो. अनगोळला एका लग्नाला बायकोनं जबरदस्तीनं नेलं. पंगतीत शेजारी कोण बसलं, तर एका ट्रान्सपोर्ट ऑफिसातला क्लार्क, ज्याच्याकडं मी महिन्यातनं एकदोनदा डिस्पॅचचे कागद द्यायला जायचो, नाव सुद्धा धड माहीत नव्हतं. त्यानं विचारलं आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा खरं बोललो. तो भाताचा घास हातात ठेवूनच म्हणाला, अहो शिनोळीला एकांना इन्स्पेक्शनचा माणूस पाहिजे, परवाच त्यांचा माल भरला आम्ही. वेंगुर्ला रोडनं बाची ओलांडली की शिनोळी, चंदगड तालुका, महाराष्ट्र. आठ दिवसांत मी तिथं कामाला लागलो.

हा काही माझ्या नशिबाचा चमत्कार नव्हता. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं बोस्टनजवळ, नुकती नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की ज्या ओळखीच्या माणसाकडून कळलं त्याला तुम्ही किती वेळा भेटायचा. 1973 साली त्यानं ते छापलं. आठवड्यातनं दोनदा तरी भेट होणाऱ्यांकडून कळलं असं 16.7 टक्केच म्हणाले, अधूनमधून भेटणाऱ्यांकडून 55.6 आणि क्वचितच भेटणाऱ्यांकडून 27.8. माणसं थोडी होती, 54 च, पण कारण बघा किती सरळ आहे, तुमच्या जिवलग मित्राला तेवढंच माहीत असतं जेवढं तुम्हाला आहे, तुम्ही दोघं एकाच कट्ट्यावर बसता. क्लार्क दुसऱ्या कट्ट्यावरचा असतो.

आणि कृपा करून ह्याला वशिला म्हणू नका. वशिला म्हणजे लायकी नसताना आत घुसवणं. जागा कुठं आहे एवढं विचारणं ही माहिती झाली, ती विचारायची लाज नको. शिनोळीत माझा इंटरव्ह्यू झालाच, मायक्रोमीटर हातात देऊन पार्ट मोजायला लावला होता.

पण विचारायचं कसं, इथं आपली पोरं फार कमी पडतात. मी आता माणसं घेतो कामाला, रोज ऐकतो, “सर काहीही काम चालेल”. काहीही म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात काहीच राहत नाही, संध्याकाळी घरी जाऊन तो कोणाला काय सांगणार? त्याच्या तोंडात बसेल असं एक वाक्य तुम्ही द्या. “मी सीएनसी लेथ चालवतो, फॅनुक कंट्रोल, सेटिंग स्वतः करतो, दोन वर्षं झाली.” किंवा “मी बी.कॉम. आहे, टॅलीत जीएसटीची बिलं टाकते, एका दुकानाचं एक वर्ष बघितलंय.” संपलं. बढाई नको, पण जे येतं ते गिळू पण नका. आपल्याकडं आईवडिलांनी शिकवलेलं असतं की स्वतःच्या तोंडानं स्वतःचं सांगू नये, चांगला संस्कार आहे, पण नोकरी शोधताना तुमच्या मशीनबद्दल दुसरं कोण सांगणार.

भाषेचं तर विचारूच नका. इथल्या पोराला मराठी येते, कन्नड येतं, हिंदी येते, इंग्लिश कामापुरतं येतं, आणि बायोडेटात लिहितो काय तर हॉबी, क्रिकेट! अरे, बेंगळुरूच्या सप्लायरशी कन्नडात आणि कोल्हापूरच्या कस्टमरशी मराठीत बोलणारा माणूस परचेसला, डिस्पॅचला सोन्यासारखा आहे. बोलता किती येतं, वाचता किती येतं, खरं खरं लिहा आणि वरच्या अर्ध्या पानात लिहा.

बाकी किरकोळ. फाइलला स्वतःचं नाव द्या, “न्यू रिझ्युमे फायनल 2” नको. एक वही करा, तारीख, कंपनी, कोणाशी बोललो, काय म्हणाले, आणि आठ दिवसांनी परत फोन. नकार आला की त्या ओळीपुढं नकार लिहायचा आणि खाली नवी ओळ सुरू करायची. आठवड्याला किती ओळी झाल्या ते मोजा, किती होकार आले ते मोजू नका, होकार तुमच्या हातात नाही. आणि मावशी, पोरगं दारात आलं की “काय झालं?” नका विचारू. “जेवलास काय?” विचारा. झालं असेल तर तो तसंही ओरडत येईल.

आता मी माइक ठेवतो. जो तुमच्या ओळखीचा नाही त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि तुमचं वाक्य त्याला सांगा, मग त्याचं ऐका. मावशी, तुमच्या मुलाला उठवा, तो तिकडं खांबामागं बसलाय, त्याच्यापासनंच सुरू करू.